सोबतीचे घास

तिचा नवरा जेवताना आवाज करायचा. आवाज कोण करत नाही म्हणा, पण याचा आवाज ओला होता. घास तोंडात गेला की आधी एक मिटकी, मग दाढेखाली चिबूक-चिबूक, आणि शेवटी घशातून उतरताना एक जाड गुडुप. लग्नाला इतकी वर्षं झाली, तिच्या कानांना त्या आवाजाची सवय काही झाली नाही. उलट कानच दिवसेंदिवस तिखट होत चालले होते.

आणि हे सगळं भल्या पहाटे. नवरा वर्तमानपत्राच्या छापखान्यात मशीनवर होता. गाव झोपलेलं असताना उद्याच्या बातम्या छापायच्या, गठ्ठे गाडीत चढले की घरी यायचं, असं त्याचं आयुष्य. आल्यावर तो हात धुवायचा, पण नखांच्या कडांना शाई राहायचीच, आणि त्याच बोटांनी तो भात कालवायचा. शाई पुसायच्या रॉकेलचा हातांना येणारा वास गरम रश्श्याच्या वाफेत मिसळला की ती तोंडाने श्वास घ्यायची. तरी ती समोर बसायची. नुसती बसायची नाही, खायची.

कारण या घरात कुणी एकट्याने जेवायचं नाही, असा सासूबाईंचा दंडक होता. त्याला कारणही तसंच घडलं होतं. सासरे एकटे जेवत असताना गेले. सासूबाई शेजारी गप्पा मारायला गेल्या होत्या, परत येऊन बघतात तर नवऱ्याचं डोकं ताटात. घास अडकला होता की काळीजच थांबलं होतं, ते कुणाला कळलं नाही. भात मात्र कानापर्यंत लागला होता. हे सांगताना सासूबाई दर वेळी स्वतःचा कान पुसायच्या. तेव्हापासून कुणाचंही ताट वाढलं की दुसऱ्या कुणीतरी समोर बसायचं आणि सोबत म्हणून चार घास खायचे. नुसतं तोंडाकडे बघत बसलं तर जेवणाऱ्याला अवघडल्यासारखं होतं, म्हणून खायचे.

हे ‘दुसरं कुणीतरी’ म्हणजे घरात तीच. सासूबाई दिवेलागणीला जेवायच्या, तेव्हा ती सोबतीला. नवरा दुपारी झोपून उठला की ती सोबतीला. कामावर निघताना तो काहीतरी पोटात ढकलायचा, तेव्हाही ती, आणि पहाटे तर तीच ती. मध्ये कधीतरी तिची स्वतःची दोन जेवणं. पण सोबतीचं खाणं हे खाणं नव्हेच, असं घरातल्या सगळ्यांचं पक्कं मत होतं, आणि तिचंही. ते घास कुणाच्या हिशेबात नसायचे. जायचे मात्र तिच्याच पोटात.

पुढच्या खोलीत तिचं शिलाई मशीन होतं. नवे कपडे शिवण्यापेक्षा जुने सैल-घट्ट करून देण्याचं काम जास्त यायचं. आळीतल्या प्रत्येकाची कंबर कुठे वाढली आणि कुठे ओसरली, हे तिच्या टेपला ठाऊक. स्वतःच्या कपड्यांच्या शिवणी मात्र ती गेली काही वर्षं गुपचूप उसवत आली होती, आणि आता आत सोडायला कापडच उरलं नव्हतं. त्याकडे तिने खुशाल कानाडोळा केला होता.

तिचा धाकटा भाऊ पाट्या रंगवायचा. दुकानांच्या, दवाखान्यांच्या, ‘येथे गाडी लावू नये’ अशाही. त्याच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या आणि शिडीवर चढणारा माणूस दिवसाआड हॉस्पिटलातल्या डायलिसिसच्या मशीनला जाऊन पडू लागला. आईवडील नव्हते, लग्न झालं नव्हतं. तपासण्या झाल्या आणि तिचं रक्त त्याच्याशी जुळलं. तिने क्षणभरही विचार केला नाही. निदान सगळ्यांना तिने तसं सांगितलं.

पण तिची साखर काठावर निघाली.

“काठावरच आहे ना,” ती डॉक्टरीणबाईंना म्हणाली. “पलीकडे तर गेलेली नाही?”

“काठावरच्या माणसाची किडनी मी काढत नाही,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. बाई चांगल्या होत्या, पण गोड बोलायचं त्यांना जमायचं नाही. “एक काढली की उरलेल्या एकीवर साखरेचा मारा. उद्या तुम्हीच भावाच्या शेजारच्या खाटेवर याल. खाता किती वेळा?”

“दोनदा.”

“दोनदा खाऊन एवढी? आणखी काहीच नाही?”

“काहीच नाही. सोबतीचं तेवढं असतं.”

“सोबतीचं म्हणजे?”

मग तिने सांगितलं. सांगता सांगता तिलाच कसंसं व्हायला लागलं, कारण एका दमात ते सगळं तिने आजवर कधी मांडलंच नव्हतं. डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं.

“अहो, मग तुमचं पोट रिकामं असतं कधी?” त्या म्हणाल्या. “नीट ऐका. शरीरात घड्याळं असतात. डोक्यातलं उजेडावर चालतं आणि पोटातलं तुम्ही कधी खाता त्यावर. पहाटे अंधारात जेवलात की डोकं म्हणतं रात्र आहे, पोट म्हणतं दिवस आहे, आणि दोघांच्या भांडणात साखर जिरायची राहते. जो भात तुम्हाला दुपारी पचतो, तोच भात पहाटे खाल्ला की रक्तात साखर होऊन तरंगत राहतो. उजेड आहे तोवर जेवा. अंधार पडला की तोंड बंद, रात्रभर झोप. तीन महिन्यांनी पुन्हा रक्त बघू.”

रक्तात भात तरंगतोय, हे चित्र काही तिच्या डोळ्यांपुढून हलेना. घरी येईस्तोवर ती स्वतःच्या मनगटाकडे बघत होती.

“पोटात घड्याळ?” सासूबाई म्हणाल्या. “मग गजर कुठून वाजतो?” आणि स्वतःच्याच विनोदावर ठसका लागेपर्यंत हसल्या.

नवरा मात्र हसला नाही. “डॉक्टरीणबाई सांगतात तसंच करायचं,” तो म्हणाला. “भावाचा प्रश्न आहे.” तिला तेव्हा त्याचं फार कौतुक वाटलं. नंतर हे कौतुक आठवून तिला स्वतःच्या थोबाडीत मारावंसं वाटायचं, पण ते नंतर.

ती रात्री झोपू लागली. ओट्यावर ताट झाकून ठेवायची. सकाळी उठून बघावं तर ताट तसंच. झाकणाखाली भाताला आंबूस वास सुटलेला, रश्श्यावर साय धरल्यासारखा चिकट थर, बोट लावलं तर तार निघायची. रोज सकाळी ते तिनेच खरवडून टाकायचं, नाक दाबून, तोंडाला सुटलेलं पाणी गिळत. नवरा आत झोपलेला. सासूबाई दारात उभ्या.

“पोरगं उपाशी झोपतंय,” त्या म्हणायच्या. “बोलत नाही, पण त्याला ताटासमोर बाप दिसत असेल.”

नवरा खरंच वाळत चालला. त्याच्या पँटच्या कमरेत तिनेच दोनदा टाके घेतले. तोंडाला चव नाही, पोटात जळजळतं, असं सांगायचा, आणि तेही तक्रार केल्यासारखं नाही. तक्रार केली असती तर ती भांडली असती. तो समजूतदारपणे वाळत होता.

शेवटी एका पहाटे ती उठून त्याच्यासमोर बसली. म्हणाली, “मी खाणार नाही. नुसती बसते.”

“खाऊच नकोस,” तो म्हणाला. भात कालवला. पहिला घास हातात घेतला आणि तसाच थांबला. “मला नाही गं जात. एक घे. एकच. सोबतीचा.”

शाई लागलेल्या बोटांमधला तो घास तिच्या ओठांसमोर आला. रॉकेलचा वास आला. एका घासाने काय होतंय, असा विचार तिने केला आणि तोंड उघडलं. त्याचं बोट तिच्या जिभेला लागलं, खारट आणि गार. तिला ओकारी आली, ती तिने दाबली. मग तो जेवला. मिटक्या मारत, चिबूक-चिबूक, ताट चाटूनपुसून.

दुसऱ्या दिवशी पुन्हा एक. मग दोन. मग तो म्हणायचा, “आज मासा बरा झालाय, बघ तरी.” मग तिच्यापुढे एक वाटी आली, वाटीची ताटली झाली. तिने हे डॉक्टरीणबाईंना कळवलं नाही, कारण सोबतीचं खाणं हे खाणं नव्हेच. भावाला तर नाहीच सांगितलं.

भावाकडे ती दुपारी जायची. रंगाच्या डब्यांनी अर्धी भरलेली एकच खोली, पश्चिमेला मोठी खिडकी. त्याला पाणीसुद्धा मापून प्यावं लागे. खिडकीत एक बाटली असायची, दिवसभराचं पाणी तेवढंच.

“तुझी साखर उतरली की मी पहिलं काय करणार, सांगू?” तो म्हणायचा. “नळाखाली तोंड धरणार. मापबीप काही नाही. तू मागून ओरडायचं, अरे बास, अरे बास. मी ऐकायचं नाही.”

“उतरतेय,” ती म्हणायची. “नक्की उतरतेय.” आणि त्याच्या सुजलेल्या पायांकडे न बघता घरी यायची.

तीन महिन्यांनी रक्त दिलं. या वेळी नवराही सोबत आला, मुद्दाम रजा घेऊन. डॉक्टरीणबाईंनी कागद एकदा पाहिला, दुसऱ्यांदा पाहिला.

“साखर हललेली नाही. उलट जराशी वरच गेलीय. मी सांगितलं होतं तसं केलंत?”

उत्तर नवऱ्याने दिलं. “अगदी काटेकोर, डॉक्टर. अंधारानंतर पाण्याखेरीज काही नाही. मी स्वतः लक्ष ठेवून होतो.”

हे तो इतक्या सफाईने बोलला की क्षणभर तिलाही ते खरं वाटलं.

“मग माझा नाइलाज आहे,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “भावाला सांगा, दुसरं कुणी मिळतंय का बघू. मिळणं कठीण आहे.”

बाहेर आल्यावर ती जिन्याच्या पायरीवरच बसली. नवऱ्याने तिला हाताला धरून हॉस्पिटलच्या कँटीनमध्ये नेलं. चिकट टेबल, कोपऱ्यात उष्ट्या ताटांची पाटी, तिच्यावर माश्या. त्याने भात मागवला, रस्सा मागवला, दोन उकडलेली अंडी मागवली. आणि जेवायला लागला.

ती बघत राहिली. सोबतीच्या घासाशिवाय ज्याच्या घशाखाली काही उतरत नव्हतं, तो हा माणूस. कुणाची वाट न बघता त्याने पहिला घास घेतला. दुसरा घेतला. अंडं अख्खं तोंडात गेलं, गाल फुगला, पिवळा बलक ओठांच्या कोपऱ्यातून बाहेर आला आणि जिभेने आत ओढला गेला. रस्सा हनुवटीवरून ओघळला. त्याने आणखी भात मागवला. त्याच्या कपाळावर घाम आला होता आणि चेहरा मोकळा झाला होता, बऱ्याच महिन्यांनी मोकळा.

“तुम्हाला भूक लागलीय,” ती म्हणाली.

“हो गं. आज जरा बरं वाटतंय.”

“भावाला किडनी मिळणार नाही म्हणून?”

चिबूक-चिबूक थांबलं. त्याने इकडेतिकडे पाहिलं. खोटं बोलावं की नाही याचा विचार करत असावा. मग त्याने बोटं चाटली आणि सरळच सांगून टाकलं.

“तुला चिरून एक अवयव काढून घ्यायचा आणि मी बाहेर बाकड्यावर बसायचं? बापाला ताटात मेलेला बघितलाय मी. आता तुलाही बघू? तुझा भाऊ मशीनवर जगतोय. जगेल आणखी. मला बायको एकच आहे.”

“म्हणजे ते घास तुम्ही मुद्दाम दिलेत.”

“दिले,” तो म्हणाला. “मी पुढे केले. तोंड कुणी उघडलं?”

यावर ती काहीतरी जळजळीत बोलेल अशी त्याची अपेक्षा असावी. ती उठली आणि बेसिनकडे धावली. बेसिनच्या जाळीवर कुणाच्या तरी तोंडातला भात अडकला होता. तो बघून तिला भडभडून आलं. सकाळपासून पोटात काही नव्हतं, नुसतं कडू पाणी पडलं. नवऱ्याची किळस आली होती, ती तर होतीच, त्यात नवल काय! पण ओठ पुसताना तिला कळलं की खरी किळस त्याच्या शेवटच्या वाक्याची आहे, कारण ते खोटं नव्हतं. दर पहाटे तो घास जिभेवर आला की ओकारीच्या मागोमाग तिला आणखी काहीतरी वाटायचं. सुटल्यासारखं वाटायचं. सुरी आज आणखी एक दिवस लांबली, असं. पाण्याच्या बाटलीकडे बघत दिवस ढकलणाऱ्या भावाला ‘उतरतेय, उतरतेय’ सांगणारं तोंड आणि पहाटे आ करणारं तोंड एकच होतं. आरशात ते तोंड दिसत होतं. तिला त्यावर थुंकावंसं वाटलं.

ती तशीच जिना चढून पुन्हा डॉक्टरीणबाईंकडे गेली.

“नवरा खोटं बोलला,” ती म्हणाली. “आणि मी गप्प बसले. पहाटे मी रोज खाल्लंय. मला अजून तीन महिने द्या.”

डॉक्टरीणबाईंनी तिला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. “भाऊ तेवढा तग धरेल,” त्या म्हणाल्या. “तुमचं तुम्ही बघा.”

त्याच संध्याकाळी तिने शिलाई मशीन टेम्पोत घातलं.

“माझ्या मुलाच्या ताटासमोर कोण बसणार?” सासूबाईंनी दार अडवलं.

“तुम्ही बसा. मुलगा तुमचा आहे.”

“मी? त्या अवेळी?”

“मी नाही का बसले इतकी वर्षं? आणि आई, माझा भाऊ रोज एकटाच जेवतो. त्याच्यासमोर कुणी बसावं, असं या घरात कुणाला कधी सुचलं नाही.”

सासूबाईंचा हात आपोआप कानाकडे गेला. त्या दारातून बाजूला झाल्या. पुढे शेजारणीकडून तिला कळलं की म्हातारी पहाटे मुलासमोर बसते खरी, पण हातात घास धरून घोरते. ऐकून तिला हसू आलं. दया मात्र आली नाही.

भावाच्या खोलीत मशीन खिडकीखाली बसलं. ऊन सरकत सरकत रंगाच्या डब्यांवर आलं की दोघं जेवायची. त्याचं बिनमिठाचं, तिचं साधंच. खिडकीतला उजेड गेला की चूल बंद आणि गप्पा चालू. पहिले काही दिवस पहाटे तिला ठरल्या वेळी जाग यायची आणि तोंडाला पाणी सुटायचं. ज्या घासांची शिसारी यायची त्यांच्याचसाठी पोट भुकेने कळवळायचं. त्या पाण्याचीही तिला किळस यायची. ती ते थुंकून यायची, कूस बदलायची. हळूहळू जाग येईनाशी झाली. मग एकदा सकाळी कपडे चढवताना कमरेत हात सहज आत गेला आणि तिने सुई-दोरा घेऊन, इतक्या वर्षांत पहिल्यांदाच, स्वतःची शिवण आत घेतली.

नवऱ्याने काय केलं, हे तिने भावाला सांगितलं नव्हतं. ते सांगायचं तर स्वतःचंही सांगावं लागलं असतं.

साखर उतरली. डॉक्टरीणबाई कागदाकडे बघून फक्त “हं” म्हणाल्या, त्यांच्या मानाने तो जल्लोषच होता. ऑपरेशनचा दिवस ठरला.

आदल्या दिवसापर्यंत नवरा फिरकला नव्हता. त्या दिवशी मात्र दोघांची ताटं वाढली असतानाच तो दारात येऊन उभा राहिला, कामावर जायच्या आधी. दाढी वाढलेली, हातात डबा. गालांची हाडं वर आली होती आणि या वेळी ते मुद्दाम केलेलं नव्हतं.

“बसू?” त्याने विचारलं.

भावानेच हसून जागा करून दिली. “या की दाजी! बरे सापडलात. आमच्याकडे नियम आहे, उजेड आहे तोवरच जेवण मिळतं.”

नवरा खाली बसला. डब्याचं झाकण त्याला निघेना. त्याची नजर खिडकीतल्या त्या बाटलीवर गेली, तळाशी राहिलेल्या पाण्यावर गेली, भावाच्या फुगलेल्या पावलांवर गेली. मग ती कुठेच जाईना.

“दाजी, तुमचे उपकार कसे फेडू कळत नाही,” भाऊ म्हणाला. “ताईला तुम्ही तीन महिने इथे राहू दिलंत, स्वतः हाल काढलेत. दुसऱ्या कुणी बायकोला असं मोकळं सोडलं नसतं.” त्याने आपल्या ताटातला फिक्का भात कालवला, त्याचा एक घास केला आणि हात पुढे केला. “अळणी आहे, पण घ्या. एकच. सोबतीचा.”

नवऱ्याने तिच्याकडे पाहिलं. ‘थांबव याला,’ असं त्याचे डोळे म्हणत होते. ती हलली नाही. त्याने तोंड उघडलं. घास आत गेला. मिटकी नाही, चिबूक-चिबूक नाही. गाल फुगून राहिला, डोळ्यांत पाणी आलं, गळ्याची घाटी वर सरकली आणि तिथेच अडकली. खाली रस्त्यावर कुणीतरी सायकलची घंटी वाजवली.

“गिळा,” ती म्हणाली.

आणि तो गिळेपर्यंत ती त्याच्या तोंडाकडे बघत बसली.